फटफटी एक, चालू

८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या तीन आठवडे आधी, संस्थानच्याच एका कचेरीत, आकाराम नाथाजी जमदाडे यांनी आपल्या हातांनी बांधलेल्या मोटरसायकलीची नोंद केली आणि मालकाच्या रकान्यात थोरल्या भावाचे नाव सांगितले. पुढचा सगळा अन्याय या एका नोंदीतून कायदेशीर झाला.

जमदाड्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात एक छायाचित्र टांगलेले आहे. फेटा बांधलेले थोरले भाऊ लालासाहेब मोटरसायकलीवर बसले आहेत. खाली मजकूर आहे, 'लालासाहेबांनी बांधलेली फटफटी'. हे खोटे आहे. लालासाहेबांनी तिचा एक नटही आवळला नव्हता.

आकाराम लष्करात डिस्पॅच रायडर होते. इटलीच्या आघाडीवर त्यांनी मोटरसायकलीवरून निरोप पोहोचवले. १९४६ मध्ये ते कृष्णाकाठच्या आपल्या गावी परतले ते एकच गोष्ट डोक्यात घेऊन: पुण्यात मोटरसायकलींच्या शर्यती होतात असे छावणीत ऐकले होते, तिथे स्वतः बांधलेल्या गाडीवर उतरायचे. लष्करी मालाच्या लिलावात त्यांनी दोन मेलेल्या गाड्या घेतल्या. एकीची फ्रेम वाकलेली होती, दुसरीचा पिस्टन जाम होता. स्टेशनवरून दोन्ही बैलगाडीत घालून आणल्या. पैसे लढाईतल्या पगाराचे होते, याबाबत कुटुंबातही दुमत नाही.

गोठ्याच्या पडवीत दोन्हींतून एक गाडी उभी करण्याचे काम दीड वर्ष चालले. जाम पिस्टनवर ते नऊ दिवस रॉकेल ओतत राहिले. लष्करी पिशव्यांचे लोखंडी सांगाडे उतरवले, मडगार्ड कापून आखूड केले, हँडल खाली घेतले, पाय ठेवायच्या दांड्या मागे सरकवल्या. सिलिंडरच्या डोक्याखाली बसवायला तांब्याचे गॅस्केट हवे होते; ते सांगलीत मिळेना. पत्नी बनुबाईंनी माहेरचे घंगाळ पुढे केले. "म्या म्हनलं, कापा. आंगुळीला घागर हाय की," असे त्यांनी मला सांगितले. ज्ञानू लोहाराच्या भट्टीत घंगाळाचा पत्रा लाल करून पाण्यात बुडवला, मऊ केला आणि मग कापला. इंजिन पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा दोन बैलांनी दावी तोडली. लालासाहेब ओरडत बाहेर आले, "आगं आई! दारात तोफ आनलीस का रं?"

कचेरीतला प्रसंग मी बनुबाईंकडून ऐकला. त्या तिथे नव्हत्या. त्यामुळे शब्द तंतोतंत असतीलच असे नाही. कारकुनाने विचारले, "गाडी तू बांधलीस ना? मग नाव भावाचं कसं?"

"आमची वाटणी न्हाई झाली, सायेब. थोरलं असताना माजं कसं लावू?"

एकत्र घरात जमीन, बैल, गाडी, सारे थोरल्याच्या नावावर असे. धाकट्याने स्वतःचे नाव लावणे म्हणजे वाटणी मागणे, असाच अर्थ गाव लावी. आकाराम यांनी रीत पाळली. लालासाहेबांनी तिचा हिशेबीपणे वापर केला.

मे महिन्यात लालासाहेबांच्या मुलीचे लग्न मलकापुरात ठरले. देण्याघेण्याची 'याद' घरच्या बैठकीत वाचली गेली. तो कागद मी पाहिला आहे. सातव्या ओळीवर आहे: 'फटफटी एक, चालू.' आकाराम यांना हे तिथेच, पाहुण्यांच्या देखत, पहिल्यांदा कळले.

"दादा, मला इचारलं न्हाईसा."

"घरातलीच हाय की रं. पोरगी बी घरातलीच."

"शर्यतीची गाडी हाय ती. माजी हाय."

"कागद बगितलास का गड्या? आन बैल दिला असता, तर बैलाला इचारलं असतं व्हय?"

बैठक हसली. व्याही सर्वांत मोठ्याने हसले. आकाराम उठून गेले.

हळदीच्या दिवशी सकाळी मलकापूरची माणसे गाडी न्यायला आली. अंगणात गोणपाटे पसरली होती आणि त्यांवर, लष्करी तपासणीला मांडतात तशा सरळ ओळींत, मोटरसायकल सुटी पडली होती. इंजिनाच्या आतले दातेरी चाक आणि चाकांच्या आऱ्याही एकेक वेगळ्या होत्या. सगळे रॉकेलने धुऊन, पुसून ठेवलेले.

"ह्यो काय तमाशा लावलास?" लालासाहेब.

"फटफटी तुमच्या नावाची हाय. मोजून घ्या. एक वायसर कमी भरला तर मान कापा माजी. जोडनी तेवडी माजी व्हती, ती काडून घेतली."

"जोड आदी! पावनं उबं हायत."

"बैलाला सांगा, दादा."

लालासाहेबांनी हात उगारला. ज्ञानू लोहार मध्ये उभे राहिले. मलकापूरच्या माणसांनी भाग पोत्यांत भरले. कोणता भाग कुठला, हे त्यांच्यातल्या एकालाही विचारावेसे वाटले नाही. त्याच संध्याकाळी आकाराम आणि बनुबाई माधवनगरला निघून गेले. आकाराम यांनी तिथल्या गिरणीत फिटरची नोकरी धरली, पुतण्यांच्या लग्नांनाही गावी पाऊल ठेवले नाही आणि वाटणीही मागितली नाही. त्यांचा राग थंड झाल्याचा एकही पुरावा मला सापडलेला नाही. तो थंड व्हायला हवा होता, असे मला वाटतही नाही.

ती पोती मलकापुरात उघडली गेली की नाही, हे अज्ञात आहे. गाडी कोणी जोडली, ती पुन्हा चालली का, हे सांगणारा कागद किंवा माणूस मिळालेला नाही. आकाराम पुण्याच्या शर्यतीला निदान प्रेक्षक म्हणून तरी कधी गेले का, हे बनुबाईंनाही ठाऊक नव्हते.