संथ पाणी

तांब्याच्या पट्टीत काडेपेटीच्या काडीहून बारीक चौकोनी वाटा कोरून आम्ही वर काच बसवली होती. खाली हीटर तापत होता. त्या वाटांतून वाहणाऱ्या पाण्यात सोडलेला शाईचा निळा धागा जराही न विस्कटता पुढे सरकत होता.

"पाण्यात खळबळच नाही, मग उष्णता कशी वाहून नेणार? मोठा पंप लावा," सर म्हणाले.

"नाही सर. वाट अरुंद आहे, भिंती जवळ आहेत, उष्णतेला पाण्यात शिरायला लांब जावंच लागत नाही. पाणी संथच राहू दे," मी म्हणाले.

जन्मभर मलाही हेच ऐकवलं गेलं, की आवाज चढव, नाहीतर तुझं कोण ऐकेल? मी चढवला नाही. आजही चढवणार नव्हते.

पट्टीचं तापमान उतरू लागलं. सर काचेवर वाकून बघत राहिले. मी खुर्ची पुढे केली नाही. उभ्यानेच बघू देत.