भिंतीवरचे दोन ठोके

मस्तगड मोहल्ल्यातल्या अमरचंदांनी पन्नास वर्षं कापड विकलं. नुसतं बोट फिरवून सुती कोणतं आणि मिलावटीचं कोणतं ते सांगणारा हा माणूस. पण घरातलं पाणी कुठल्या भांड्यात आधी भरतात हे त्यांना बहात्तराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. बायकोनं, सायरबाईंनी, तशी वेळच कधी येऊ दिली नाही. श्रावणात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि सायरबाई गेल्या. दुखवट्याचा उठावणा आटोपला, पाहुणे पांगले, तसा मुलगा पारस म्हणाला की पप्पा, कुलूप लावा आणि पुण्याला चला.

पुण्याचा फ्लॅट म्हटलं की अमरचंदांचा जीव गुदमरायचा. ते ऐकेनात. जेवणाचा डबा लावता येईल, पारस म्हणाला, पण इथं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, ते कोण भरणार? बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं की तीन वेळा पाणी येईपर्यंत पाहायचं. जमलं तर राहा, नाही जमलं तर घराची चाबी पारसच्या हातात द्या.

पहिल्या पाण्याला अमरचंदांनी मोठ्या हौसेनं पहिली धार पिण्याच्या हंड्यात धरली. सुरुवातीला गढूळ पाणी येतं, ते आधी संडासाच्या बादल्यांत घ्यायचं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. यांना कळलं नाही. हंडा ओतून घासेपर्यंत निम्मं पाणी वाहून गेलं, आणि ड्रमकडे धावले तोवर पाणीच गेलं. पाणी गाळायचं पांढरं कापड सायरबाईंनी खुंटीला घडी करून ठेवलेलं होतं, ते कोरडंच राहिलं. ते कापड मांडीवर घेऊन बहात्तर वर्षांचे अमरचंद नळापाशी बसून रडले.

रडून झाल्यावर माणसाला काहीतरी हातात हवं असतं. नळाच्या वरच्या भिंतीत एक खड्डा होता. ती भिंत शेजारच्या लालबीच्या घराला लागून होती. सायरबाई स्वयंपाक टाकून मधूनच यायच्या आणि तिथं लाटणं दोनदा आपटायच्या. पीठ झटकत असतील, असा अमरचंदांचा समज. भिंतीचे पोपडे उडतात म्हणून ते तीस वर्षं कुरकुरले आणि सायरबाई तीस वर्षं नुसत्या हसल्या. आता अमरचंदांनी पुट्टी आणून तो खड्डा बुजवला आणि वरून रंगाचा हात मारला. एक काम तरी बराबर झालं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या पाण्याला मात्र ते कंबर कसून बसले. आधी बादल्या, मग कापडातून गाळून हंडे, मग ड्रम. सगळं भरलं. पारसला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, आणि सांगताना आवाज जरा चढाच लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसले होते. गल्लीच्या टोकाच्या बोअरवरून लालबी घागर घेऊन येत होती, दर दहा पावलांवर थांबत. ती एकटीच राहायची आणि साड्यांना पिको-फॉल करून पोट भरायची. काल तर नळ आला होता, मग हे कशाला, असं अमरचंदांनी विचारलं. नळ मागच्या अंगणात, मशीनच्या आवाजात कळलं नाही, असं ती पुटपुटली. आणि मागच्या वेळी? तेव्हाही नाही कळलं. मग इतकी वर्षं कसं कळायचं, अमरचंदांनी विचारलं.

लालबीनं घागर खाली ठेवली. "सायरबाई भिंतीवर लाटणं वाजवायच्या ना, भाईसाब. दोनदा. तुमच्याकडं पाणी पहिलं येतं, माझ्याकडं मागून, अन् तेबी घडीभरच. आवाज आला की मी मशीन सोडून पळायची."

"मंग मला सांगायचं की."

"तुमच्या घरातलं माणूस गेल्तं. त्यात मी पाण्याचं काय बोलू?"

अमरचंद आत आले आणि त्या गुळगुळीत भिंतीपुढे उभे राहिले. त्यांना मनापासून लाज वाटली. बायकोचं काम शिकलो म्हणून मुलापुढे मिरवलं, आणि त्यातलं अर्धं काम तर आपणच पुट्टी लावून बुजवलेलं. इतक्या वर्षांत एकदा तरी विचारायला हवं होतं, का गं आपटतेस म्हणून.

तिसरं पाणी नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आलं. नळ फुसफुसला. अमरचंदांनी खाली बादली लावली आणि लाटणं उचललं. पहिला ठोका भीतभीतच बसला. दुसरा असा बसला की पुट्टीचा तुकडा बादलीत पडला.

पलीकडची मशीन थांबली.

"आले, सायरबाई."

लालबी सवयीनं बोलून गेली होती. बादली भरून वाहू लागली. अमरचंदांनी भिंतीला हात टेकला.

"पहिलं पाणी गढूळ हाय, लालबी. हंडा मागून लाव."

संध्याकाळी पारसनं फोन करून चाबीचं विचारलं. अमरचंद लाटणं धुऊन जागेवर ठेवत होते.

"न्हाई येत मी," ते म्हणाले. "मी आलो तर लालबीला पाणी आल्याचं कोण सांगन?"