शैलाताईची करवली

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून ती आजची की कालची हे ठरवत होतो. "प्रमोद, शैला गेली. हॉस्पिटलातच आहोत आम्ही," ते म्हणाले. आणि मी, ज्याला घरातले सगळे बोलण्यात कुणाला हार जाणार नाही असं म्हणतात, तो मी म्हणालो, "बरं, भाजी घरी टाकतो आणि येतो." दोन वर्षं मी या फोनला घाबरत होतो. मोबाईलवर दिलीपभाऊजींचं नाव दिसलं की उचलण्याआधी एकदा खाकरून घ्यायचो, म्हणजे आवाज फाटायला नको. इतकी तालीम केलेला प्रसंग प्रत्यक्षात आला, तेव्हा मी भाजीबद्दल बोललो. भाजीवाल्या मावशींनी माझ्या तोंडाकडे बघितलं, जुडी काढून घेतली आणि म्हणाल्या, "जा भाऊ तुम्ही, जिथं जायचं तिथं जा."

शैलाताई माझी मावसबहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिची सगळी नोकरी सिन्नरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग करण्यात गेली. रोज सकाळी एसटीनं जायची, संध्याकाळी एसटीनं यायची. फिक्स्चर काढायची ती. म्हणजे मशीनवर लोखंडाचा एखादा भाग कापायचा असतो, त्याला भोक पाडायचं असतं, तेव्हा तो तसूभरही हलू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी चौकट. "मी धरून ठेवणाऱ्या वस्तू काढते," असं ती पाहुण्यांना सांगायची. पाहुणे मान डोलवायचे आणि चहा मागायचे. तिच्या कामाची एक रीत होती. पेन्सिल उचलायच्या आधी कोऱ्या कागदावर ती फक्त 'काय चुकेल?' एवढं लिहायची आणि खाली यादी करायची. कामगार भाग उलटा बसवेल. घाईत पाना विसरेल. चिमटा सैल राहील. "सगळ्यात आधी घाबरून घ्यायचं," ती म्हणायची, "मग काढताना हात थरथरत नाही."

आणि तिचेच हात गेले. आधी चहाचा कप जड वाटायला लागला, मग साडीची पिन लावता येईना. डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूकडून निघालेला निरोप स्नायूंपर्यंत पोहोचेनासा होतो, तो हा आजार. हात, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. क्रम थोडा मागेपुढे, पण रस्ता एकच. हे ऐकून घरी आलो त्या दिवशी भाऊजी, जे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, ते तासभर फॅनचा रेग्युलेटर दुरुस्त करत बसले. तो बिघडलेला नव्हता. मी शेजारी बसून त्यांना स्क्रू देत होतो.

तिची मुलगी सई बंगळूरला असते. दिवाळीला आली तेव्हा तिच्या हातात एक यंत्र होतं, खेळ खेळायचा हातातला कॉम्प्युटर. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्यानं फिरवायच्या दोन छोट्या दांड्या. आतून मात्र पूर्ण कॉम्प्युटर, असं तिनं मला तीनदा समजावलं. मी तीनदा "असं होय" म्हटलं. ताई खुर्चीतून बघत होती. म्हणाली, "सगळी बटणं अंगठ्याजवळ आहेत. माझा उजवा अंगठा अजून चालतोय. फक्त हे धरायचं कुणी?" मग तिची ती नजर आली, जी पूर्वी सुट्या पार्टांकडे बघताना यायची. "सई, कागद घे. काय चुकेल, लिही."

त्या यंत्राला जोडायच्या वस्तूचं नाव तिनंच ठेवलं, करवली. लग्नात नवरीच्या मागे उभी असते ती. "नवरीला काही काम नसतं. करवली दिवा धरते, कऱ्हा सांभाळते, पदर सावरते, पाणी आणते, घाम पुसते, वेळ पडली तर नवरीच्या वतीनं रुसतेसुद्धा. तशी वस्तू काढायची. नवरी तयार आहेच, सईनं आणलीय." यंत्राला पलंगाच्या वर हवं तिथं धरणारा हात, वीज गेली तर आठ तास पुरेल अशी जास्तीची बॅटरी, गरम होऊ नये म्हणून छोटा पंखा, अंगठ्याखाली एक मऊ बटण, आणि स्वयंपाकघरात ठेवायची घंटा, एवढं सगळं त्या एका करवलीनं करायचं होतं. ताई बोलायची, सई काढायची. अंबडच्या एका छोट्या वर्कशॉपमधून सुटे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापून यायचे, ताई ते हनुवटीनं ढकलून बघायची आणि परत पाठवायची. अकरा वेळा परत पाठवले तिनं. वर्कशॉपवाला मला म्हणाला, "काका, मॅडमना सांगा ना, अर्धा मिलिमीटरनं काय फरक पडतो." मी सांगितलं. ताई म्हणाली, "त्याला म्हणावं, एक दिवस माझ्या जागी झोप."

यादीसाठी तिनं आम्हा प्रत्येकाला विचारलं होतं, तुला कशाची भीती वाटते. भाऊजी म्हणाले, मला डुलकी लागली तर. सई म्हणाली, मी लांब असले तर. दिवसभर ताईजवळ असणाऱ्या जनाबाई हरसूलच्या. त्या म्हणाल्या, "मला डब्याचं भ्या हाय. डबा काय सांगंल त्यावर समदे विसंबतील, अन् ताईच्या डोळ्यांकडं कोणी बघणार नाय." मी म्हणालो, "मला कसली भीती?" ताई माझ्याकडे बघून हसली आणि सईला म्हणाली, "प्रमोदसाठी एक ओळ मोकळी सोड."

खरं सांगायचं तर मला तिच्याजवळ एकट्यानं बसण्याची भीती वाटत होती. ती काहीतरी मागेल आणि मला कळणार नाही. ती डोळ्यांनी ओरडेल आणि मी तिला सायखेड्याच्या कुणाच्या तरी लग्नातली गंमत सांगत असेन. शनिवारी दुपारी जनाबाई जेवायला आणि बाजाराला जायच्या, भाऊजी बँकेची, औषधांची कामं करायचे, तेव्हा माझी पाळी असे. मी घरून निघताना दोनदा बाथरूमला जायचो. बायको म्हणायची, "तू परीक्षेला चाललायस का?"

आणि त्या नापास माणसाच्या हातून जे व्हायचं ते झालं. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट आजही प्लास्टिकच्या पिशवीत असतो. फ्रिजच्या मुठीला कापड, मिक्सरवर टोपडं. इतकी महागाची वस्तू ताईच्या अंगावर उघडी लोंबकळते, तिच्यावर सूप सांडतं, हे मला बघवेना. एका शनिवारी मी मोठ्या मायेनं करवलीला आणि नवरीला मिळून एक पारदर्शक पिशवी घातली, वरून रबरबँड लावला. बटण पिशवीतूनही दाबलं जातं हे दोनदा तपासलं. ताई तेव्हा झोपली होती. मग बाहेरच्या खोलीत येऊन पेपरची पुरवणी वाचत बसलो. घंटा वाजली नाही. मला वाटलं, आज ताईला छान झोप लागलीय. मी स्वतःवर खूश होतो... पंख्याला हवा मिळाली नाही, यंत्र तापलं आणि आपोआप बंद पडलं. आत ताईच्या घशात लाळ अडकली होती. तिला कूस बदलता येत नव्हती, आवाज बारीक झाला होता, आणि ती बंद बटण दाबत होती. किती वेळ, ते कुणालाच माहीत नाही. जनाबाई बाजारातून लवकर परतल्या म्हणून... त्यांनी तिला कुशीवर घेतलं, पाठीवर थापा मारल्या. मी दारात उभा होतो. ताईचे ओठ निळसर झाले होते आणि डोळे माझ्याकडे होते. ते डोळे मला अजून दिसतात. जेवताना दिसतात, गाडी चालवताना दिसतात.

जनाबाई मला एवढंच म्हणाल्या, "दादा, तुमी बाहेर बसा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तो माफी मागायची वाक्यं पाठ करून. ताईनं एकही बोलू दिलं नाही. थांबत थांबत म्हणाली, "तुझी चूक नाही. डिझाईनची आहे. आवाज आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालले मी. नवशिक्या पोरांनासुद्धा मी हे करू देत नव्हते." थोडा दम घेतला. "उलटं करायचं. मी ठीक आहे तोवर आवाज यायचा. थांबला की धावायचं."

मग करवली नव्यानं काढली गेली. दर तीन मिनिटांनी पडद्याच्या कडेला हिरवा दिवा लागे. ताईनं बटण दाबलं की बाहेरच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात तिचा आवाज उमटे, "हूं." अर्ध्या मिनिटात दाबलं नाही, किंवा यंत्रच बंद पडलं, की घंटा. कुठला आवाज ठेवायचा यावर सई म्हणाली होती, एखादी छान धून ठेवू. ताई म्हणाली, "नको. प्रमोद गोष्टी सांगत बसतो, त्याला हूं म्हणणारं कुणीतरी लागतं." लहानपणी सायखेड्याला मावशीच्या ओट्यावर तीच माझी हूं म्हणणारी होती. हूं थांबला की समजायचं, ताई झोपली. आवाज पूर्ण जायच्या आत तिनं तो एक हूं सईच्या मोबाईलवर नऊ वेळा म्हणून बघितला. शेवटचा ठेवला.

माझ्यासाठी मोकळी सोडलेली ओळही त्या दिवशी भरली. "प्रमोद: कर्कश आवाज सहन होत नाही, लांबूनच बंद करेल." म्हणून घंटा बंद करायचं बटण तिनं स्वयंपाकघरात ठेवलंच नाही. ते तिच्या पलंगाच्या कठड्यावर, तिच्या डोक्यापाशी बसवलं. तिच्याजवळ गेल्याशिवाय ती घंटा कुणालाही थांबवता येणार नव्हती. आणि ते बटण दाबलं की तिचा दुसरा साठवलेला आवाज यायचा, "आलं का कुणी? बस जरा."

नंतरचं दीड वर्ष आम्ही त्या हुंकारावर जगलो. अंगठा गेला, बटण गालापाशी आलं. बोलणं गेलं, तोंडावर श्वासाचा मास्क आला. पण मी काहीतरी सांगत असायचो आणि बाहेरून, आतून, तिचा जुना आवाज यायचा, हूं. लोकांना वाटे, किती आधार असेल. आधार होता, आणि दर तीन मिनिटांनी एक धास्तीही होती. दोन मिनिटं झाली की भाऊजींच्या हातातलं पोळीचं लाटणं हळू व्हायचं. मी वाक्य लांबवायचो. हूं आला की लाटणं परत चालू. जनाबाईंनी त्या डब्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. त्या स्टूल घेऊन तिच्या डोळ्यांसमोरच बसत.

त्या सकाळी हूं आला नाही. घंटा वाजली, भाऊजी आणि जनाबाई धावले, अँब्युलन्स आली, सगळे गेले. हॉस्पिटलात पोहोचल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, वाटेतच... मी तिथं गेलो तेव्हा भाऊजी म्हणाले, "तू घरी जा. खोली आवर. आम्ही आणतो तिला." शेजारच्या कुलकर्णीकाकू किल्ली घेऊन जिन्यातच उभ्या होत्या, घाबरलेल्या. "प्रमोद, तुमच्याकडे केव्हापासून घंटा वाजतेय रे. आत कुणी आहे का?"

आत कुणी नव्हतं. पलंगावर चादर विस्कटलेली, उशीला खळगा, आणि वर तो हात यंत्र धरून उभा. घंटा थांबवायला तिच्या डोक्यापाशी जाणं भाग होतं. मी खोलीच्या दारात किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. बटण दाबल्यावर काय ऐकू येणार हे मला माहीत होतं. शेवटी दाबलं. "आलं का कुणी? बस जरा." मी बसलो. सईला फोन लावला, हे बंद कसं करायचं विचारायला. ती बंगळूरच्या विमानतळावर होती. म्हणाली, "मामा, मी येईपर्यंत नको ना बंद करू."

तीन मिनिटांनी हिरवा दिवा लागला. उशीवर कुणी नव्हतं, आणि यंत्र विचारत होतं. अर्ध्या मिनिटानं पुन्हा घंटा होणार. मी गालापाशी असायचं ते मऊ बटण अंगठ्यानं दाबलं. सबंध घरात तिचा आवाज आला, हूं. पुढचा दिवा लागला तेव्हाही दाबलं. तिला घेऊन आले तेव्हा मी दाबतच होतो. भाऊजी उंबऱ्यातच थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं, त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली आहे. ते म्हणाले, "सरक, मी बसतो थोडा वेळ." दिवसभर आम्ही तिघं पाळीपाळीनं बसलो. सायखेड्याची एक मावशी हूं ऐकून जी उठली ती बाहेर मांडवात जाऊन बसली. जनाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी बटण दाबलं आणि पहिल्यांदाच यंत्राकडे बघितलं.

चार वाजता सई आली. आईपाशी बसली. मग आत जाऊन एकदा बटण दाबलं, हूं ऐकला, आणि मागची कळ फिरवली.

आता नवरी सईबरोबर बंगळूरला गेली आहे. करवली पलंगालाच आहे, रिकामा हात पुढे करून. भाऊजी ती काढू देत नाहीत, मीही आग्रह करत नाही. शनिवारी मी जातो. ते चहा करतात, मी कुणाचं तरी काहीतरी सांगत असतो, आणि अधूनमधून, आम्हा दोघांनाही न कळता, मी वाक्य अर्धं सोडतो आणि त्यांचा कप तोंडापाशी थांबतो. दोघंही आतल्या खोलीकडे कान देऊन बसतो. काही येत नाही. पाय धावायला तयार होतात... मग भाऊजी कप खाली ठेवतात, माझ्याकडे न बघता म्हणतात, "हूं. पुढं?"