ऑपरेटरला प्रशिक्षणाची गरज आहे

विशेबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या की आधी माऊसवर रुमाल टाकत. पोपटाच्या पिंजऱ्यावर रात्री टाकतात, तसा. मग मान सरळ करून, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवून खिडकीपलीकडच्या माणसाला म्हणत, "हं, बोला." रुमाल उठायचा तो जेवणाच्या सुट्टीलाच. बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. माझ्या कामाचा त्यांच्याइतका अपमान आजवर कोणी केलेला नाही, आणि इतका रास्त तर नाहीच नाही.

शहापुरात त्यांचा टायपिंगचा क्लास होता. शिकवताना त्या पोरांच्या हातांवर फडकं टाकत आणि चुकलं की विचारत, "बोटं आहेत का भेंडी रे?" इंग्रजी टायपिंगलाच मी इतकी बोलणी खाल्ली की मराठीच्या वाटेला गेलोच नाही. पुढे टाइपरायटर भंगारात गेले, क्लास बंद पडला आणि बाई मुरबाडला भात खरेदीच्या एका संस्थेत नोंदणीच्या खिडकीवर करारावर लागल्या. त्या संस्थेला वेब ॲप बनवून द्यायचं काम आमच्या वाशिंदच्या तीन खोल्यांच्या कंपनीला मिळालं, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं.

फॉर्मवर यादीतून गाव निवडायची साधी पेटी ब्राउझर फुकट देतो. पण आमच्या मालकांना ती फार सरकारी दिसे. म्हणून मी माझ्या हातची पेटी घडवली. आमच्या धंद्यात तिला कस्टम कंट्रोल म्हणतात. गोल कोपरे, खाली सावली, उघडताना हलकीशी डुलणारी. शिवाय माझी एक खास अक्कल: कुठल्याच गावाच्या नावाशी न जुळणारं अक्षर टाइप केलं की पेटी ते लगेच पुसून टाकायची. त्या अकलेवर मी फार खूश होतो.

पहिल्याच दिवशी बाईंचा फोन आला. "पेटी छान आहे रे तुझी. रुखवतात मांडायला. उघडायची कशी?"

"क्लिक करा ना, बाई."

"क्लिक करायला हात उचलावा लागतो. बाहेर रांग बघ. टॅब दाबते तर तुझी पेटी टाळून थेट सातबाऱ्याच्या रकान्यात उडी मारते."

मी टॅब दुरुस्त केलं. मग बाणांच्या कळा चालेनात, त्या केल्या. मग गाव निवडायला एंटर दाबलं की अर्धाच फॉर्म जमा होऊ लागला. दर वेळी बाई एकच म्हणत, "साध्या पेटीत हे सगळं होतं ना रे? तू नवीन काय केलंस?" खरं उत्तर 'सावली' असं होतं, पण ते मी दिलं नाही.

त्यानंतरची तक्रार मात्र चमत्कारिक होती. "धसई लागतं, म्हसा लागतं, टोकावडं लागतं. शिवळं लागत नाय, शिरोशी लागत नाय." मी वाशिंदमध्ये बसून शिवळे टाइप केलं. लागलं. शिरोशी? तेही लागलं. वीस वेळा केलं, वीसही वेळा लागलं. नोंदणीच्या पहिल्या टप्प्याची मुदत शनिवारी संपत होती आणि आमचे मालक डोक्यावर उभे होते. शेवटी मी संस्थेला अहवाल पाठवला: 'दोष आढळला नाही. ऑपरेटरला प्रशिक्षणाची गरज आहे.'

टायपिंगच्या मास्तरणीला! आजही आठवलं की कान गरम होतात.

संस्थेच्या सचिवांनी तो अहवाल वाचला आणि बाईंना सांगितलं, सोमवारपासून खिडकीवर दुसरं माणूस बसेल. शुक्रवारी सकाळी बाईंचा फोन आला. आवाज अगदी गोड होता. "प्रशिक्षण द्यायला कधी येतोयस?"

गेलो. खिडकीशी शिरोशीचे एक आजोबा तिसऱ्यांदा सातबारा घेऊन उभे होते. "काय गो बाय," ते विचारत होते, "आमचा गाव धरणात गेला का काय? आमाला कोन सांगला नाय तो!"

बाईंनी मला शेजारी बसवलं. मी सवयीनं स्क्रीनकडं बघायला लागलो. "तिकडं नाय," त्या म्हणाल्या, "हातांकडं बघ. तुमी सगळे स्क्रीन बघता. हात कोणी बघायचे?"

त्यांनी सावकाश शिरोशी टाइप केलं. पहिलं बोट पडलं ते वेलांटीवर. 'श' त्यानंतर आला.

मी गारच पडलो. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं उमटायची, म्हणून ती आधी दाबत. बाई तीस वर्षं तशाच दाबत होत्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरही टाइपरायटरचीच पद्धत लावलेली होती. मी इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणारा. माझ्याकडं 'श' आधी यायचा. नुसत्या वेलांटीनं कुठल्याच गावाचं नाव सुरू होत नाही, म्हणून माझी हुशार पेटी बाईंची वेलांटी आल्या आल्या पुसत होती. मग 'श'पुढचं 'र'ही जुळेना, तेही पुसलं जाई; उरायचा नुसता 'श', आणि तसलं गाव काही मुरबाड तालुक्यात नाही.

अक्षर पुरतं होईपर्यंत पेटीनं गप्प बसायचं, एवढीच दुरुस्ती होती. अर्ध्या तासात झाली. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "अपडेट टाकलं म्हण. चूक-बिक बोलू नकोस, पुढचं काम जाईल."

तेवढ्यात सचिव आले. "काय साहेब, शिकवलंत ना? जमलं का बाईंना?"

"हो, म्हणजे... अपडेट..." एवढं माझ्या तोंडून गेलंसुद्धा. एरवी स्टुलाचा पाय वाजला तरी टोमणा मारणारी ही बाई समोरच्या भिंतीकडं बघत होती. मला माझीच इतकी किळस कधी वाटली नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "बाईंना शिकवायचं काही नव्हतंच. त्या बरोबर होत्या. माझा अहवाल चुकीचा आहे."

सचिवांनी माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. "लेखी द्या."

बाईंनी कीबोर्ड पुढं ओढला. "सांग. मी टाइप करते."

मी सांगू लागलो. "शिवळे, शिरोशी या गावांची नोंद तांत्रिक अडचणीमुळे..."

टकटक थांबली. "कशामुळे?"

"तांत्रिक अडचणीमुळे."

"अडचण कोणाची?"

बाहेर रांग, आत सचिव, आणि बाईंची बोटं कीबोर्डवर थबकलेली. "माझ्या चुकीमुळे," मी म्हणालो.

बोटं पुन्हा धावली. कागद छापून आला, मी सही केली. सचिवांनी तो उभ्यानंच वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बाई, सोमवारी नेहमीच्या टायमाला या."

खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून बाईंनी साऱ्या आवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली, "शिरोशीवाले, या रे सगळे! गाव लागलं तुमचं!"