सरांचे स्पीकर

सौंसरला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे सर एका जागी कधी बसत नाहीत. त्यांनी घरातल्या सगळ्या खोल्यांत स्पीकर लावले आणि त्यांची दोरी बैठकीतल्या कॉम्प्युटरच्या हाती दिली. गाणं लावायचं, प्रत्येक खोलीत जाऊन कान द्यायचा, परत येऊन आवाज कमीजास्त करायचा. एखादं गाणं पूर्ण ऐकताना मी त्यांना पाहिलं नाही. कुंपणावरून मलाच विचारायचे, "ताई, मागच्या खोलीतला आवाज जरा उशिरा येऊन राहिला काय?" मला तर सगळीकडून सारखाच गोंगाट ऐकू यायचा. सरांच्या बायकोला, वहिनींना, त्यांना काही सांगायचं असलं, की त्या पदराला हात पुसत बैठकीपर्यंत चालत यायच्या.

परवा वहिनी स्वयंपाकघरात घसरून पडल्या. त्यांची हाक भिंतीपलीकडून मला ऐकू आली. मी धावत गेले, तर सर कॉम्प्युटरसमोर उभे. "या न ताई, आता साऱ्या खोल्या एकदम सारख्या वाजून राहिल्या!"

काल विचारपूस करायला गेले. वहिनी पायाला प्लास्टर घालून आतल्या खोलीत पडल्या होत्या. गाणी बंद होती, सरांचा चेहरा उतरला होता. त्यांनी स्वयंपाकघरात माईक बसवला होता. "आता तिनं हाक मारली का थेट इथं ऐकू येते," म्हणाले, आणि रिकाम्या स्वयंपाकघराचा आवाज मला ऐकवू लागले.

तेवढ्यात आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, थोडं पाणी द्या न."

"थांब, तिथंही माईक लावून देतो," म्हणत सर शिडी आणायला पळाले.

पाणी मी नेऊन दिलं.