नानांच्या मशीनची हरवलेली की

माझ्या बापानं आयुष्यात एकही चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं नाही आणि त्यापायी माझं लग्न पत्रिकेविना होता होता राहिलं.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. रडून झालंय. आता ही गोष्ट सांगते.

पौडच्या बाजारात नानांचं डीटीपीचं दुकान. मुळशीतल्या कितीतरी लग्नांच्या पत्रिका त्यांच्या हातच्या.

कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुठल्या मामाला 'श्री.' आणि कुणाला 'मा.', सगळं तोंडपाठ. एक नाव सुटलं की अख्खी भावकी रुसते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांचं डायलिसिस सुरू होतं. दुकान जवळपास बंदच.

"पोरीची पत्रिका मीच करणार. शेवटची."

'शेवटची' ऐकून आई आत निघून गेली.

आणि नेमका तेव्हाच कम्प्युटर बसला.

रिपेअरवाला प्रशांत म्हणाला, "काका, डेटा काढून ठेवलाय. पण फॉरमॅट मारावा लागंल. सिस्टीमची सीडी हाय, प्रॉडक्ट की कुटंय?"

की म्हणजे तो लांबलचक नंबर. तो टाकल्याशिवाय सिस्टीम परत बसत नाही. माझा लॅपटॉप होता, पण नानांचं जुनं मराठी टायपिंग त्यावर चालेना.

"क्रॅक टाकतो काका. लगेच चालू."

"न्हाई."

"सगळेच वापरत्यात."

"मग सगळ्यांकडं जा. माज्या मशीनवर चोरीचं चढणार न्हाई."

मी हिंजवडीत आयटीत, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. माझं डोकं फिरलं. "नाना, पत्रिका वेळेत छापून आली नाही तर वाटणार कधी?"

"मग शोध की!"

शोधली. सीडीची डबी, कपाटं, माळा. आईनं गाद्यासुद्धा झटकल्या. कुठेच नाही.

शेवटी प्रशांतनं सीपीयू टेबलावर आडवा घातला. एका बाजूला हळदीकुंकवाचा जाड थर. दर दसऱ्याला नाना मशीनची पूजा करायचे आणि जुनं कुंकू कधीच पुसू द्यायचे नाहीत.

थराचा एक कोपरा सुटला होता. त्याखाली काहीतरी चकाकलं.

"नाना, तुम्ही स्वस्तिक नेमकं कशावर काढायचा?"

"कंपनीचा कागद चिकटवलाय ना, त्याच्यावर. खराब हू नये म्हणून वर चिकटपट्टी मारल्याली. मशीनचं कपाळच हाय ते."

की त्याच कागदावर छापलेली असते.

बापानं दरवर्षी भक्तिभावानं प्रॉडक्ट कीच पुजली होती!

खोबरेल तेल आणलं. कापूस भिजवला.

"हळू! घासू नको, भिजू दे," नाना खुर्चीतून ओरडत होते.

एकेक अक्षर वर आलं. चिकटपट्टीखाली सगळं ठणठणीत. एका ठिकाणी प्रशांत अडला. बी की आठ?

"बीची पाठ सरळ असती. बघ नीट."

आठ होता.

नंबर टाकला. एंटर. सेटअप पुढे सरकला.

नानांनी सुयांनी सुजलेला हात टेबलावर आपटला. "हाय का न्हाई? म्हणलं हुतं ना!"

काहीही म्हणाले नव्हते. पण त्या वेळी कोण वाद घालणार? प्रशांत नाचत होता. आई हसता हसता म्हणाली, "आता कुंकू दुसऱ्या अंगाला लावा म्हणजे झालं."

पुढचे दोन दिवस नाना टायपत होते. दमले की आडवे व्हायचे, उठून परत बसायचे. मला टाइप करू दिलं नाही. एक नाव सुटलं नाही. लग्नात एकही माणूस रुसला नाही. आमच्या भावकीत हे पहिल्यांदाच घडलं.

पत्रिकेच्या तळाशी, प्रेसचं नाव असतं तिथे, त्यांनी बारीक अक्षरात टाकलं होतं: अक्षरजुळणी - वधूपिता.

मांडवात आत्यानं विचारलं, "दादा, हे कशापायी लिवलं?"

नाना म्हणाले, "कळू दे की सगळ्यांना."

कळलं, नाना.

आज परत एकदा सगळ्यांना सांगितलं.

लई आठवण येते. तुमच्या लेकीचा नमस्कार.