बाळूला पुरायला निघाले होते

आई गेली त्यानंतर चौदा महिने मी देवाशी एक शब्दही बोलले नाही. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, कारण आमच्या घरात आईचा महादेव घरातल्या माणसासारखा होता. तळ्याकाठच्या देवळात ती दर सोमवारी जायची. डायलिसिस सुरू झाल्यावर पायांत बळ उरलं नाही, तरी आमच्या स्टँडवरच्या इक्बालभाईंच्या रिक्षातून देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन खालूनच हात जोडून यायची. बाबा लवकर गेले, मी लग्न केलं नाही, आणि पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी व आईचं दुखणं यांतच माझी आठ वर्षं गेली. शेवटच्या आठवड्यात मी महादेवाकडे एकच गोष्ट मागितली होती. तिला न्यायचं असेल तर ने, पण त्या वेळी मी तिच्याजवळ असू दे. मी खालच्या दुकानात औषध आणायला उतरले आणि तेवढ्या दहा मिनिटांत ती गेली. मला रडू आलं नाही. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि मी देवघराचं दार लावून घेतलं. राग आला होता असंही म्हणता येणार नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अशा दिवसांत मी साप विकत घेतला. कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे जरा काळजीने बघतात. खारघरला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेले होते. त्यांच्या मुलीने पाळलेला बॉल पायथन मनगटावर ठेवू का, असं तिने विचारलं आणि मी नको म्हणायच्या आत ठेवलाही. हा आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर, बिनविषारी. घाबरला की चेंडूसारखा गोल होऊन डोकं आत लपवतो. तो थंड, जड जीव माझ्या मनगटाभोवती हळूच वळला आणि तिथेच स्थिरावला. आई गेल्यापासून कोणी मला इतक्या विश्वासाने धरलं नव्हतं. दोन महिन्यांनी मी रीतसर कागदपत्रं करून एका विक्रेत्याकडून तसंच पिल्लू घरी आणलं. बॉल पायथन म्हणून त्याचं नाव बाळू पडलं.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बाळू मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून बसतो. श्वासाबरोबर बारीक शीळ ऐकू यायची आणि ओठांच्या कडेला बुडबुडे दिसायचे. डोळ्यांभोवती काळे ठिपके होते, ते किडे निघाले. खायला तर त्याने एकदाही तोंड लावलं नव्हतं. अशा प्राण्यांवर उपचार करणारे एक डॉक्टर वाशीला भेटले. त्यांनी त्याला उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आजारीच होता तेव्हा तुम्हाला दिलाय. फुप्फुसात इन्फेक्शन खूप पसरलंय. प्रयत्न करू, पण आशा फार धरू नका."

मी आशा धरली. माळ्यावरून आईचा नेब्युलायझर काढला, प्लॅस्टिकच्या डब्याला भोक पाडून त्याची नळी आत सोडली आणि सकाळ-संध्याकाळ बाळूला औषधाची वाफ देऊ लागले. ते मशीन पुन्हा घरात घरघरू लागलं. संध्याकाळी लॅबमधून आले की त्याच्या डब्याशेजारी बसून मी मोबाइलवर सापांबद्दल मिळेल ते वाचायचे. आधी त्याच्या आजाराबद्दल, मग त्याच्या जातीबद्दल, मग एकातून दुसरं निघत आपल्याकडच्या नाग, घोणस, फुरसं, मण्यार या विषारी सापांपर्यंत. बाळूच्या कामाचं त्यात काही नव्हतं. पण वाचत राहिलं की त्याच्या श्वासाकडे लक्ष जात नसे, म्हणून वाचायचे.

उपचार सुरू झाल्यापासून अठराव्या दिवशी, रविवारी पहाटे, तो गेला. मी जागी होते. तो माझ्या तळहातावर होता आणि शेवटच्या दोन श्वासांमध्ये इतकं अंतर पडलं की दुसरा शेवटचा होता हे मला बऱ्याच वेळाने समजलं. आईसाठी जे मागितलं होतं ते मला एका सापाच्या बाबतीत मिळालं होतं, ही कसली थट्टा, असं मनात आलं. आणि मग मला रडू फुटलं. शेजारी ऐकतील म्हणून तोंडात पदर कोंबावा लागला इतकं. मी कोणासाठी रडते आहे हे मलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की वस्तीपासून लांब, खोल खड्डा करून पुरा. मी बाळूला आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलं, चपलांच्या खोक्यात ठेवलं, कुंडीतलं खुरपं पिशवीत टाकलं आणि इक्बालभाईंना बोलावलं. ते लगेच आले. स्टँडच्या पुढे गेल्यावर त्यांनी आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "खोक्यात काय आहे, ताई?"

खोटं बोलायची ताकद नव्हती. मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी रिक्षा जरा हळू केली. मग म्हणाले, "मुका जीव होता बिचारा. बरं झालं, तुम्ही रडलात. तुमच्या अम्मीच्या वेळेला रडला नव्हतात. मी तेव्हा घरी जाऊन बायकोला बोललो होतो, ताईंचं काही खरं नाही."

आम्ही आधी गाढी नदीच्या पुलाखाली गेलो. तिथे कुत्र्यांची टोळी कचरा उकरत होती. पुरलेलं तासाभरात बाहेर काढलं असतं. पुढे एका शेताच्या बांधावर थांबलो, तर मालकाने लांबूनच हात हलवून नको म्हटलं, आणि त्याचंही चुकलं असं मला वाटलं नाही. मी म्हणाले, परत जाऊ. पण इक्बालभाईंना माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याला एक ओढा माहीत होता, तिथे कोणी हरकत घेणार नाही म्हणाले. ओढ्याकाठी पोहोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. जमीन मुरमाड. दोन घाव घातले आणि खुरपं वाकलं. वर चढावर कातकऱ्यांची पाच-सहा घरं दिसत होती. खोकं काखेत धरून मी कुदळ मागायला तिकडे गेले.

पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी बाई लाकडं मोडत बसली होती. तिने कुदळ आणली आणि विचारलं, "कशाला पायजे?" मी सांगितल्यावर तिने खोक्याचं झाकण उचलून पाहिलं. बाळूच्या अंगावरून एक बोट फिरवलं. म्हणाली, "हितला नाय हा. लांबून आला नं मेला. चला, मी खनते. तुमच्या हाताला जमायचा नाय."

ती खणत होती आणि मी माती बाजूला करत होते. खणता खणता ती आपल्याच तंद्रीत बोलू लागली. मुलगा कामाला लांब गेला होता. घरात सून एकटी झोपलेली. "पहाटंपासून पोटात दुखतंय म्हनते. एकदा ओकली. आता डोलं पन उघडत नाय. मी बोलले, झोपू दे, दमली आसंल."

माझा हात मातीतच थांबला. डोळे उघडत नाहीत, हे शब्द मी कुठे वाचले होते ते मला लगेच आठवलं. मी विचारलं, "आजी, ती झोपते कुठे?"

"आनि कुठं, भुईवर."

मी धावत वर गेले, आजी कुदळीसकट माझ्या मागे. सुमन नावाची बावीस-तेवीस वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली होती. मी तिला माझ्याकडे बघायला सांगितलं. तिने कपाळावर आठ्या पडेपर्यंत भुवया वर ओढल्या, पण पापण्या अर्ध्यावरून वर गेल्या नाहीत. तोंडातली लाळ तिला गिळता येत नव्हती. बोलली ते नाकातून, अस्पष्ट. अंगावर कुठे सूज नाही, जखम नाही. मण्यार झोपेत चावते, दात इतके बारीक की खूणही दिसत नाही, आणि माणूस सकाळी पोट दुखतंय म्हणत उठतो. हे सगळं मी बाळूचा श्वास कानावर पडू नये म्हणून वाचलं होतं.

"आजी, हिला मण्यार चावलीय."

म्हातारीने सुनेच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं. तिच्या हातातली कुदळ खाली पडली. "मन्यार चावली तरी कलत नाय," ती हळूच म्हणाली. "माजी बहीन आशीच गेली. मला कसा नाय समजला."

तिला दोष द्यायची ती वेळ नव्हती. इक्बालभाई आणि शेजारची दोन माणसं यांनी सुमनला उचलून रिक्षात ठेवलं. बाळूचं खोकं अर्धवट खड्ड्याजवळ तसंच राहिलं. तिचं डोकं मी मांडीवर कुशीला वळवून धरलं, लाळ बाहेर यावी म्हणून. तिचा श्वास उथळ होत चालला होता. दोन श्वासांमधलं ते अंतर मी पहाटे हातावर मोजलं होतं, म्हणून मला ते ओळखता येत होतं. इक्बालभाईंनी रिक्षा आयुष्यात कधी चालवली नसेल तशी चालवली. ते स्वतःशी दुवा पुटपुटत होते. आजी सुनेचे तळवे चोळत तिच्या डोंगरावरच्या देवीला हाका मारत होती. आणि काही वेळाने माझ्या लक्षात आलं की आई करायची तो महादेवाचा जप माझ्या तोंडून बाहेर पडतो आहे. केव्हा सुरू झाला, मला सांगता येणार नाही. या वेळी मी काही मागितलं नाही, कसली अटही घातली नाही. मागायला सुचलंच नाही. नुसतं त्याचं नाव घेत राहिले आणि सुमनचं डोकं धरून राहिले.

सरकारी रुग्णालयात कामावर एक तरुण डॉक्टर होत्या. मी भराभर लक्षणं सांगितली. त्यांनी पापण्या पाहिल्या, एक क्षणही न दवडता प्रतिविष सुरू केलं आणि थोड्याच वेळात सुमनचा श्वास बंद पडू लागला तेव्हा नळी घालून मशीन लावलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "चावल्याची खूण नाही, कोणी साप पाहिला नाही. तुम्हाला कसं कळलं?" मी म्हणाले, "माझा साप वारला होता." त्यांना काही समजलं नसावं. पण त्याहून खरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

मी रुग्णालयाच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि सकाळपासूनचं सगळं एकेक आठवू लागले. पुलाखाली कुत्री नसती, शेतकऱ्याने नाही म्हटलं नसतं, मुरमात खुरपं वाकलं नसतं, बाळू एक दिवस आधी किंवा एक दिवस नंतर गेला असता, तर त्या घराच्या दारात मी उभी राहिले नसते. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मला त्या वेळी फक्त एवढं वाटलं की फार मोठ्या कोणासमोर आपण उभे आहोत, आणि त्याच्याकडे आपण चौदा महिने पाठ फिरवली तरी त्याने फिरवली नव्हती.

दुपारी इक्बालभाई मला परत वाडीवर घेऊन गेले. खोक्याला मुंग्या लागल्या असतील, कुत्र्यांनी ओढलं असेल, या विचाराने मन धास्तावलं होतं. पण ओढ्याकाठी खड्डा बुजवलेला होता. वर माती थोपटून सारखी केलेली, जनावरांनी उकरू नये म्हणून मोठा दगड ठेवलेला. दगडाला कुंकू लावलं होतं, समोर मूठभर तांदूळ आणि कुरडूची रानफुलं. वाडीतल्या बायका जरा लांब उभ्या होत्या. त्यांतली एक पुढे आली आणि म्हणाली, "उघड्यावर कसा सोडायचा? त्याच्यापायी तुमी आलात नं." मी खाली बसले आणि त्या दगडाला डोकं टेकवलं. पूर्वी देवघरात आईच्या समईपुढे जसं टेकवायचे तसं.

तिसऱ्या दिवशी सुमनची नळी काढली. ती स्वतःहून श्वास घेऊ लागली. मी वॉर्डाबाहेर पोहोचले तेव्हा आजी बाकावर बसली होती. तिने मला शेजारी बसवलं आणि माझा हात तिच्या खरखरीत हातात घेतला. मग म्हणाली, "तुमचा गेला, माजी रायली. मी काय बोलू तुमाला?"

मी माझा दुसरा हात तिच्या हातावर ठेवला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. आतून सुमनचा खोकण्याचा आवाज आला तेव्हा आजी डोळे पुसत उठली, आणि मीही तिच्या मागोमाग आत गेले.

बाळूला मी वाचवू शकले नाही, आईजवळही त्या घडीला नव्हते. ही दोन्ही दुःखं माझीच आहेत आणि ती मला राहू द्यावीशी वाटतात. पण आपण केलेली सेवा कुठे जाऊन पोहोचेल हे ठरवणं आपलं काम नाही, एवढं मला कळलं. अठरा दिवस मी एका मरत्या जीवाची शुश्रूषा करत होते असं मला वाटत होतं. त्या दिवसांत कोणीतरी मला हळूहळू तयार करत होतं, आणि ज्याने तयार केलं त्याच्यापुढे आता मला काही मागायचं उरलेलं नाही. जिथे नेईल तिथे जावं, आणि पोहोचल्यावर मदतीला हात पुढे करावा.